शेटजींचं दान मोजायच्या आधी त्यांचा काटा बघा

आमच्याकडं मराठवाड्यात कुणी मोठा व्यापारी वारला की दोन दिवसात चौकात बॅनर लागतं. मोठा फोटो, खाली दानशूर, कुटुंबवत्सल, धर्मपरायण असे शब्द, त्याच्या खाली शोकाकुल म्हणून पन्नासेक नावं, त्यात निम्मे इच्छुक उमेदवार. मग शोकसभा होते, भाषणं होतात, आणि भाषणात काय सांगतात तर देवळाला सभामंडप दिला, सप्ताहाला दरवर्षी पंगत दिली, शाळेला दोन खोल्या बांधून दिल्या. हे सगळं खरंच असतं, त्यात खोटं कुणी सांगत नाही. पण मला कित्येक वर्षांपासून वाटायलंय की आपण या माणसांची आठवण चुकीच्या ठिकाणी शोधतो. फरशीवर कोरलेली रक्कम आपल्याला पाठ असते पण ज्या काट्यावर त्या माणसानं जन्मभर दुसऱ्याचं धान्य मोजलं तो काटा कसा होता हे शोकसभेत कुणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, व्यापाऱ्याचा मोठेपणा आधी त्याच्या धंद्यात बघायचा आणि देणगी नंतर मोजायची. मेलेल्या माणसाचे दोष काढायला मी हे लिहीत नाहीये, उलट जे खरंच चांगले होते त्यांचं खरं काम आपण विसरून जातोय याचं वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

जरा जुनं सांगतो, कारण ते माहीत असल्याशिवाय मुद्दा कळत नाही. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबातून, पूर्वी काय काय कापायचे ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. आडत म्हणजे दलाली, हमाली, तोलाई, कडता म्हणजे वजनात धरलेली घट, नमुना म्हणून मूठ दोन मूठ, आणि याच्यातच एक रक्कम असायची धर्मादा. म्हणजे देवळासाठी, धर्मशाळेसाठी, गोशाळेसाठी म्हणून शेतकऱ्याच्या पैशातून कापलेला पैसा. सौदा व्हायचा रुमालाखाली, बोटं दाबून, शेतकरी शेजारी उभा असला तरी त्याला भाव कळायचा नाही. १९२८ मध्ये शेतीवरच्या रॉयल कमिशननं देशभरातल्या बाजारातली ही कापाकापी नोंदवली आणि बाजारावर कायद्याचं नियंत्रण आणा असं सांगितलं, आपल्या हैदराबाद संस्थानात १९३० च्या सुमारास बाजाराचा कायदा आला, पुढं महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा १९६३ चा. मग हळूहळू कोणती कपात करायची आणि कोणती नाही हे ठरलं.

आता विचार करा, त्या काळात मोंढ्याजवळ जी धर्मशाळा उभी राहिली तिच्यावर नाव एका पेढीचं असेल, आणि त्या पेढीनं स्वतःचा पैसाही घातला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यातले काही दगड त्या मूठ मूठ ज्वारीतून आलेत. त्या शेतकऱ्याचं नाव कुठंच नाही. म्हणून दानाची फरशी बघितली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की हा पैसा कुठून आला आणि येताना कुणाच्या पट्टीतून आला.

पण याची दुसरी बाजू मी स्वतः बघितलीय आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. आमच्या तालुक्याच्या मोंढ्यात एक आडत दुकान होतं, वडील आमचा माल तिथंच घालायचे. त्या शेटजींचं नाव मी लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. माळकरी माणूस, आषाढीला पंढरपूर चुकवलं नाही, सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत. त्यांना नाव आवडायचं हे पण खरं आहे, लाऊडस्पीकरवरून आजच्या पंगतीचे अन्नदाते म्हणून नाव पुकारलं की चेहरा खुलायचा. मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. माणसाला आपलं नाव चांगल्या कामात ऐकावं वाटतं, त्यात पाप नाही, आणि गुप्तदानच तेवढं खरं असं जे म्हणतात ते मला पटत नाही.

धंद्यात माणूस एकदम कडक. तेल मिलवाले किंवा बाहेरचे खरेदीदार आले की रुपया सुद्धा सोडायचे नाहीत, भावावरून तासभर घासाघीस. पण काटा! काट्याशेजारी साखरेचं ५० किलोचं एक पोतं कायम ठेवलेलं असायचं, कारखान्याची शिलाई तशीच, उसवलेली नाही. कुणाला वजनाची शंका आली की ते म्हणायचे, उचला ते पोतं आणि ठेवा काट्यावर. मुंग्या लागल्या की ते पोतं घरात जायचं आणि दुसरं यायचं. पुढं इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी पोतं हललं नाही. मी लहानपणी बघितलंय, नवा शेतकरी यायचा, लाजत लाजत ते पोतं ठेवायचा, आकडा बघायचा आणि मग गप आपले कट्टे उतरवायला लागायचा. खाली सांडलेलं धान्य झाडून ते शेतकऱ्याच्याच पोत्यात जायचं, दुसरीकडं ते मातेरं म्हणून दुकानाचं व्हायचं. आणि पट्टी त्याच दिवशी हातात, पैसे त्याच दिवशी. आता कुणी म्हणेल यात काय एवढं, कायद्यानं पैसे लगेच द्यायचेच असतात. बरोबर आहे, द्यायचेच असतात. सोयाबीन घालून दोन दोन महिने चकरा मारलेल्या माणसाला विचारा यात काय एवढं ते. परगावच्या एका आडत दुकानात आमचे पैसे असेच अडकले होते आणि त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढं ढकलावं लागलं, त्यामुळं त्याच दिवशी पैसे या गोष्टीची किंमत मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या मुनिमानं नंतर सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडं प्रत्येक घरात सांगितला जातो, खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या वर्षी उधारीवाले येऊन म्हणायचे, मालक औंदा काहीच जमना. शेटजी त्या वेळी तरुण होते. ते म्हणायचे, पाटील आधी पेरणीचं बघा, बाकीचं दिवाळीला बोलू. दिवाळीला लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या निघतात, लाल कापडाच्या बांधणीच्या, पहिल्या पानावर स्वस्तिक आणि शुभ लाभ, आणि मग जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढतात. मुनीम म्हणाला त्या वर्षी शेटजी शेजारी बसले, एकेक नाव वाचायला लावलं, आणि काही नावांवर नुसती मान हलवली. ती नावं नव्या वहीत आली नाहीत. माफ केलं असं कुणाला सांगितलं नाही, बोलावून घेतलं नाही, फोटो तर लांबच. पुढच्या हंगामात तो शेतकरी माल घेऊन यायचा आणि पट्टीतून मागचं काही कापलं नाही हे बघून त्यालाच कळायचं.

सभामंडप या गोष्टीसमोर मला लहान वाटतो. सभामंडप वाईट नाही, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना बसायला सावली होते, पण शेटजींच्या शोकसभेत दहा माणसं बोलली आणि वहीची गोष्ट एकानंही सांगितली नाही कारण ती सांगणारा मुनीम मागं चपलांपाशी बसला होता.

माणूस धार्मिक होता असं आपण म्हणतो तेव्हा पण तीच गल्लत करतो. धार्मिक म्हणजे देवळाला किती दिलं, एवढंच. पण आपल्याच मातीतला धर्म काय सांगतो बघा. पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट आपल्याकडं पोरासोरांना माहीत आहे, दौलताबादला जनार्दनस्वामींकडं हिशेबाचं काम करताना एका पैचा फरक लागेना म्हणून रात्रभर बसले, चूक सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, आणि स्वामी म्हणाले एवढंच चित्त देवाकडं लावलंस तर काय होईल. कीर्तनकार ही गोष्ट सांगतात ती चित्ताच्या एकाग्रतेसाठी. मला त्यात आणखी एक दिसतं, की नाथांची तयारी हिशेबात झाली, ज्याला एका पैची चूक झोपू देत नाही त्यालाच गुरूनं पुढचं सांगितलं. लातूर, नांदेड, धाराशिव पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आहे, बसवण्णांचं कल्याण आपल्या सीमेला लागूनच, आणि त्यांच्याकडं कायक आणि दासोह ही जोडी आहे. आधी प्रामाणिक कष्ट, मग त्यातून समाजाला देणं, आणि देताना मी दिलं हा भाव नको. कायक बाजूला ठेवून नुसता दासोह होतच नाही. मुसलमान व्यापारी जकात काढतो ती चाळीसावा हिस्सा, पण हरामाच्या कमाईतलं दान कबूल होत नाही हे त्यांच्यातलं लेकरू पण सांगेल. नांदेडच्या हुजूर साहिबला लंगर बघा, शीख परंपरेत दसवंध म्हणजे कमाईचा दहावा भाग, पण त्याच्या आधी किरत करो, कष्टाचं कमवा. म्हणजे आपल्या जिल्ह्यांमध्ये ज्या ज्या श्रद्धेची माणसं दुकानं चालवतात त्या सगळ्यांनी कमाई आधी तपासली आणि दान नंतर मोजलं. आपणच ते उलटं करून बसलोय.

आता घराबद्दल. कुटुंबवत्सल हा शब्द बॅनरवर असतोच, आणि व्यापारी घरात तो खरा पण असतो, एकत्र कुटुंब, एक चूल, भावाभावांची लेकरं एकाच ताटात. पण याचा भार कुणी उचलला? आमच्या शेटजींच्या घरी मोंढ्याच्या दिवसात लांबच्या गावचे शेतकरी रात्री मुक्कामाला राहायचे, बैलगाडीचा जमाना, वीस पंचवीस माणसाचा स्वयंपाक. तो शेटजींच्या पत्नी करायच्या. रात्री नऊला कुणी आलं तरी पिठलं भाकरी. दानशूर म्हणून फोटो शेटजींचा लागला आणि तो लागायलाच पाहिजे होता, पण त्या माऊलीचं नाव शोकाकुलमध्ये सुद्धा नव्हतं, श्रीमती म्हणून एक ओळ नाही. आणि एक गोष्ट लिहायलाच पाहिजे, माझं मन होत नाही तरी. त्यांच्या मुलींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून, आणि तरी आमच्याकडं चांगल्यातल्या चांगल्या घरात पण साडी चोळी करून सही घेतात. ज्या माणसानं परक्याच्या नावावरची बाकी सोडली त्याच्या घरात लेकीनं आपला हक्क सोडायचा ही गोष्ट मला बोचते. माणूस मोठा होता म्हणून हे झाकायचं का? मला वाटतं नाही. तुकोबांचं उदाहरण घ्या, वाण्याचं घर, महाजनकी, सावकारीची खतं म्हणजे कर्जाचे कागद. दुष्काळानंतर त्यांनी ती इंद्रायणीत बुडवली हे सगळ्यांना माहीत आहे पण आधी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा हिस्सा त्याला दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा हिस्सा, हे फार कमी जण सांगतात. घरच्याचा वाटा आधी त्याच्या हातात द्यायचा, मग आपल्या वाट्याचं काय ते करायचं.

यावर लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे कारण मी मित्रांशी यावर भांडलोय. एक जण म्हणतो तू उगाच आडत्यांचं कौतुक करायलास, उधारी हाच तर फास होता. उचल दिली की शेतकरी त्याच दुकानात बांधला गेला, भाव कमी असला तरी माल तिथंच घालायचा. हे खरं आहे, शंभर टक्के. कर्जानं आपल्याकडं किती घरं उद्ध्वस्त झाली ते बीड धाराशिवमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण म्हणूनच तर मी म्हणतो की धंदा तपासा. उधारी देणारे सगळेच होते, फरक कुठं पडला तर व्याज किती लावलं आणि वाईट वर्षी काय केलं, दुसऱ्या दुकानात माल घातला तर राग धरला का. देणगीच्या पाटीवरून हा फरक कधीच कळणार नाही, दोघांच्याही पाट्या सारख्याच संगमरवरी असतात.

दुसरा म्हणतो, चांगुलपणावर गावं चालत नाहीत, कायदा लागतो. हे पण मान्य. ७२ च्या दुष्काळात माणसं जगली ती मुख्यतः सरकारनं कामं काढली म्हणून, त्यातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. हमालांना पीएफ, बोनस मिळायला लागला तो १९६९ च्या माथाडी कायद्यामुळं, कुणा शेटजीच्या दयेनं नाही. पण कायदा आल्यावर पण मोंढ्यात दोन प्रकारचे व्यापारी राहिलेच, एक जो हमालाचं नाव माथाडी बोर्डात नोंदवतो आणि त्याच्या पीएफ, बोनससाठीची लेव्ही भरतो, आणि दुसरा जो नोंदच करत नाही आणि दसऱ्याला हमालांना मिठाईचा पुडा आणि टॉवेल देऊन फोटो काढतो. दानशूर कुणाला म्हणायचं? मी पहिल्याला म्हणेन, त्यानं मिठाई दिली नसली तरी.

तिसरं म्हणणं असं की पाटी लावली की दुसऱ्याला पण द्यावं वाटतं. यात तथ्य आहे आणि मी पाट्या काढा म्हणत नाही. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण मुख्यतः उर्दूतून, मराठी शाळा काढायची तर बहुतेक वेळा गावानंच पैसे उभे करायचे, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, अंबाजोगाईची योगेश्वरी, अशा संस्था लोकांच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ ला भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास लेकरं पुण्याला नेऊन शिकवली, ती आज कुठं कुठं नोकरीला आहेत. असं दान आठवलंच पाहिजे. फक्त तेवढंच आठवू नका एवढंच म्हणणं आहे.

जालन्याचं बघा. जालना सोने का पालना म्हणतात ते व्यापारावरूनच. तिथले बद्रीनारायण बारवाले, हिंगोलीत जन्मलेले, निजामाविरुद्धच्या लढ्यात भाग घेतलेले, १९६४ ला महिको ही बियाण्याची कंपनी काढली, १९९८ ला जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २०१७ ला गेले. जालन्यात गणपती नेत्रालय उभं केलं, आजूबाजूच्या जिल्ह्यातली म्हातारी माणसं तिथं मोतीबिंदू काढायला जातात आणि हात जोडून नाव घेतात. ते घ्यावंच. पण त्यांचा मोठेपणा मला विचाराल तर बियाण्यात आहे, भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून शेतकऱ्याच्याच रानात बियाणं पिकवून घ्यायची पद्धत बसवली, त्यातून जालना भागातल्या घरांमध्ये पैसा आला. आणि बियाण्याची आठवण काढायची म्हणजे २००२ नंतरचा बीटी कापूस, बियाण्याच्या किमतीवरून झालेले वाद, ते पण काढायला लागतात. काढावेत. एवढं काम केलेल्या माणसाची आठवण वादासकट पेलते, त्याला नुसत्या हळहळीच्या भाषणाची गरज नसते.

मग करायचं काय. माझ्या मनात एकदम साध्या गोष्टी आहेत. शोकसभेत आमदार, सभापती बोलू द्या, पण एक हमाल, एक शेतकरी आणि दुकानातला एक जुना नोकर यांना माईक द्या, आणि चपलांपाशी बसवू नका, पुढं बसवा. पाच मिनिटं बोलतील, अडखळत बोलतील, पण काटा कसा होता, पट्टी कधी मिळायची, आजारपणात पगार कापला का, हे तेच सांगू शकतात. घरच्या बायकांना बोलायचं असेल तर त्यांना पण. घरच्यांना स्मरणार्थ काही करायचंच असेल तर कमान बांधायच्या आधी दुकानातल्या माणसांचे पीएफचे, ग्रॅच्युइटीचे हिशेब पूर्ण करा आणि बहिणींच्या सह्यांचे कागद परत एकदा काढून बघा.

आणि एक विनंती खास व्यापारी घरातल्या नव्या पिढीला. तुमचा हिशेब आता कॉम्प्युटरवर आहे, आजोबांच्या लाल वह्या माळ्यावर धूळ खायलेत, आणि दिवाळीच्या साफसफाईत त्या किलोवर रद्दीत चालल्यात, मी स्वतः रद्दीवाल्याकडं असे गठ्ठे बघितलेत. त्या देऊ नका. सगळ्या ठेवायला जागा नसेल हे कळतं, तर निदान ७१ ते ७४ च्या आणि ९३-९४ च्या काढून ठेवा, २०१२ ते २०१६ च्या दुष्काळी वर्षांचं काही कागदावर असेल तर ते पण, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षाचं तर नक्की. गावातल्या वाचनालयाला द्या नाहीतर विद्यापीठाच्या इतिहास विभागाला विचारा, ज्यांच्याकडं बाकी होती त्यांची नावं झाकायची असतील तर झाका, त्यांच्या नातवंडांना संकोच नको. मुनीम मंडळी आता ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांना शेजारी बसवून मोबाईलवर रेकॉर्ड करा, कोणतं नाव का पुढं ओढलं नाही ते त्यांना अजून आठवतंय, आमच्या मुनिमाला तर गावासकट आठवत होतं.